आधी फुलियाला वाचून दाखवा

आमच्या कचेरीतून निघणारं प्रत्येक सरकारी पत्रक जनतेपर्यंत पोचण्याआधी फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली परीक्षेला बसायचं. तिथे फुलियाची चहाची टपरी होती. फुलियाला अक्षरओळख नव्हती. पत्रकं गावोगाव वाटणाऱ्या आमच्या कचेरीतल्या बाई नवं पत्रक घेऊन तिच्यासमोरच्या स्टुलावर बसत, चष्मा चढवत आणि खणखणीत आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. वाचून झालं की विचारत, "बोल फुलिया, का समझीं?" फुलियानं बरोबर सांगितलं तर पत्रक पास. नाही सांगता आलं, तर ते बाईंच्या खांद्यावरच्या झोळीत जाई, आणि झोळीतून पुढे कुठे जाई ते आमच्या साहेबांनाही कधी कळलं नाही.

जबलपूरच्या सिविल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात आमची कचेरी होती. सरकारला लोकांना जे जे सांगायचं असेल ते सांगणं, हे आमचं काम. धान्य जास्त पिकवा, पाणी उकळून प्या, मुलांना देवी टोचून घ्या, शेर-छटाक सोडा आणि किलो-ग्राम धरा. वरून इंग्रजीत मजकूर येई. मी त्याचं हिंदी करायचं, साहेबांनी सही करायची, छापखान्यानं छापायचं आणि बाईंनी गावोगाव जाऊन वाटायचं, अशी ती रीत. मी संस्कृत घेऊन एम.ए. झालो होतो आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. माझे वडील तोफखान्याच्या फॅक्टरीत फोरमन होते. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत एम.ए. झालेला मी एकटाच होतो.

पहिल्याच आठवड्यात मी देवीच्या लशीवर एक पत्रक लिहिलं. 'मसूरिका-निरोधक टीकाकरण प्रत्येक अभिभावक का पुनीत कर्तव्य है.' साहेबांना फार आवडलं. बाईंनी ते कडुनिंबाखाली नेलं. मी खिडकीतून पाहत होतो. फुलियानं पदर तोंडाला लावून बराच विचार केला आणि म्हणाली, "मसूर की दाल को कछू है."

बाई परत आल्या, कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "काहून जी पंडितजी, डाळ विकून राहिले का तुम्ही?"

त्या दिवसापासून मी कायमचा पंडितजी झालो. बाईंना मात्र सगळं खातं नुसतं बाईच म्हणायचं. हिंदी बोलणारे शिपाई-ड्रायव्हरसुद्धा 'बहनजी' न म्हणता 'बाई' म्हणत. त्यांचं घराणं पाच-सहा पिढ्यांपासून नर्मदेकाठचं. मराठी घरात बोलायची आणि बाकी सगळं हिंदीत, हिशेब तर हिंदीतच. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं भक्कम, खादीची जाड साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जागी एक शिट्टी. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. सायकलवरून येताना वळणावर त्या घंटी वाजवत नसत, शिट्टी फुंकत. सिविल लाइन्समधली कुत्री त्या शिट्टीला उठून बाजूला होत.

बाईंचा एक नियम होता. सरकार जे सांगतं ते आधी सरकारच्या माणसानं करून पाहावं, मग दुसऱ्याला सांगावं. धान्य आणि भाज्या पिकवण्याची मोहीम आली तेव्हा त्यांनी कचेरीपुढची हिरवळ खणून वांगी लावली. त्या हिरवळीवर संध्याकाळी खुर्ची टाकून बसायची साहेबांची आवड होती. ते दौऱ्यावरून परतले तेव्हा त्यांच्या खुर्चीच्या जागी वाफे होते. किलो-ग्राम आले तेव्हा बाईंनी वर्षभर पावशेर हा शब्द उच्चारला नाही. भाजीवाली म्हणे, "पाव भर दे दऊं?" बाई म्हणत, "दो सौ पचास ग्राम." भाजीवाली म्हणे, "उत्ती तो हमाए पास नइयां," म्हणजे तेवढी आपल्याकडे नाहीच. दोघींचं हे रोज चाले, आणि भाजी शेवटी पावशेरच मिळे.

पुढे पासष्टमध्ये सोमवारी संध्याकाळी एक वेळ जेवण सोडा, असं आवाहन आलं तेव्हा तर कचेरीवर संकटच कोसळलं. बाईंना भूक सहन होत नसे. आणि संध्याकाळच्या उपासाची तयारी म्हणून त्या सकाळपासूनच पोट रिकामं ठेवत. दुपारी चारनंतर त्यांच्या टेबलाकडे जायला शिपाई तयार नसे. एकदा मी चुकून काहीतरी विचारायला गेलो, तर म्हणाल्या, "पंडितजी, आज सोमवार आहे. मी देशासाठी उपाशी राहून राहिली आहे. देशासाठीच तुम्ही उद्या या."

त्याहीनंतर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता बाई अडकल्या. स्वतः केल्याशिवाय सांगायचं नाही म्हणतात, आता काय करतील? साहेबांनीच जरा मिस्कीलपणे हा प्रश्न विचारला. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"साहब, ये तो हम पचास साल से कर रहे हैं. पूरे जिले में हमसे पक्का कोई मिले तो बताइए."



या सगळ्याच्या आधी, देवीच्या मोहिमेत मीही एकदा त्यांच्याबरोबर बरगीच्या बाजूला गेलो होतो. नर्मदेच्या कडेचं छोटं गाव. लस टोचणारा माणूस झाडाखाली पेटी उघडून बसला होता आणि समोर कुणीच नव्हतं. ती जुनी तऱ्हा होती. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा आणि दातेरी चकती कातड्यावर दाबून गरकन फिरवायची. पोरं तर ती चकती पाहूनच पळत. एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, देवी आई कोपेल. आईला दारातून परत पाठवायचं नसतं.

बाई तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, परत कोण पाठवतंय, आजी? आई आली की विचारते, या घरी मी येऊन गेले का? हा व्रण म्हणजे ती येऊन गेल्याची खूण. खूण दिसली की ती पुढच्या घरी जाते. असं म्हणून त्यांनी पदर सारून दंड दाखवला. त्या दंडावर इतके व्रण होते की मी मोजायचं सोडून दिलं. जिथे लोक अडले तिथे तिथे बाईंनी आधी स्वतः टोचून घेतलं होतं.

म्हातारी दंडाकडे बघून म्हणाली, "तुमाई तो चमड़ी पक गई. जे भैया खों लगाओ."

हे भैया म्हणजे मी. मी म्हणालो, मी लहानपणीच टोचून घेतलंय. बाई म्हणाल्या, "मग पुन्हा घ्या, काहून भिऊन राहिले?" सगळं गाव बघत होतं. मी बाही वर केली. चकती फिरली एवढं आठवतं. पुढचं मला सांगण्यात आलं ते असं, की मी उभ्याचा आडवा झालो, दोन बायकांनी माझ्या तोंडावर पाणी मारलं आणि सगळं गाव हसायला लागलं. मी डोळे उघडले तेव्हा झाडाखाली रांग लागली होती. म्हातारी रांगेत सर्वांत पुढे होती. बाई मला म्हणाल्या, "तुमच्या संस्कृतनं जे नाही झालं, ते तुमच्या चक्करनं झालं."

मला राग आला होता. खरं सांगायचं तर मला त्यांचा दोन-तीन वर्षं रागच होता. माझी जी पत्रकं साहेब वाचून मान डोलवत ती एक अडाणी चहावाली नापास करत होती, आणि बाई तिचं ऐकत होत्या.

मग पासष्टची लढाई सुरू झाली.

जबलपूर म्हणजे फॅक्टऱ्यांचं गाव. तोफा, गाड्या, दारूगोळा सगळं इथलं. वडील दोन-दोन पाळ्या करायचे, घरी आले तर फक्त झोपायला. शहरावर विमानं येतील अशी आवई रोज उठत होती. काळोख पाळण्याची तालीम ठरली. भोंगा वाजला की सगळ्या शहरानं दिवे घालवायचे. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, आयुष्यात एवढं महत्त्वाचं काही लिहायची संधी पुन्हा यायची नाही. मी लिहिलं:

'सायरन की ध्वनि श्रवणगोचर होते ही प्रत्येक नागरिक अपने आवास के समस्त प्रकाश-स्रोत आवृत करे, जिससे बाह्य दिशा में किंचित् मात्र भी रश्मि-विसर्जन न हो.'

साहेबांनी उभं राहून माझ्याशी हात मिळवला. गठ्ठे छापून आले. बाई पहिलं पत्रक घेऊन कडुनिंबाखाली गेल्या. फुलियानं हात जोडून ऐकलं आणि कौतुकानं म्हणाली, "बड़ो नोनो लिखो है. कौन के ब्याव को कारड आय?" तिला ती कुणाची तरी लग्नपत्रिका वाटली होती.

बाई तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. हे वाटणार नाही म्हणाल्या. साहेब म्हणाले, ही लढाई आहे, ही तुमची वांगी नाहीत. मंजूर मजकूर जसाच्या तसा गेला पाहिजे, नाहीतर मला वर कळवावं लागेल. बाईंनी मान हलवली, गठ्ठे उचलले, कोठीत ठेवले, कोठीला कुलूप घातलं आणि सायकल काढली. त्या दिवसापासून तीन दिवस त्या मोहल्ल्यामोहल्ल्यातून फिरल्या. चौकात उभ्या राहायच्या, शिट्टी फुंकायच्या, माणसं जमली की ओरडायच्या, "भोंपू बजे, बत्ती बुझाओ! चूल्हा ढाँको! खिड़की पे कंबल टाँगो!" एवढंच. लोकांकडून तीनदा म्हणवून घ्यायच्या आणि पुढच्या चौकात जायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज पार बसला, तरी शिट्टी चालू होती.

माझं तेवढ्यात काय चाललं होतं ते सांगायला आजही संकोच वाटतो. कोठीत जाण्याआधी मी एक गठ्ठा माझ्या पिशवीत टाकला होता. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत मी तो स्वतः घरोघर वाटला. प्रत्येक घरी सांगितलं, हे मी लिहिलंय. बाई आमच्या ओळीकडे सायकल वळवत होत्या तेव्हा मीच त्यांना अडवलं आणि सांगितलं, इथे झालंय, तुम्ही पुढे जा.

तालमीच्या संध्याकाळी मी कचेरीत टेलिफोनशेजारी होतो. भोंगा वाजला. पंधरा-वीस मिनिटांत फोन आला. शहर ठीक आहे, पण फॅक्टरीच्या क्वार्टरांमध्ये एक पूर्ण ओळ लखलखतेय. दिवाळी आहे का तिकडे?

मी सायकल हाणत घरी गेलो. आमच्या ओळीतल्या प्रत्येक घराच्या खिडकीत, बाहेरच्या बाजूला, पणत्या आणि निरांजनं लावलेली होती. आमच्या खिडकीत सर्वांत जास्त. आई हात जोडून संध्याकाळचं दिव्याचं स्तोत्र म्हणत बसली होती, शेजारच्या चार बायका तिच्यामागून म्हणत होत्या, आणि बाहेर देखरेखीला नेमलेला माणूस घसा फोडून ओरडत होता.

"आई, हे काय!"

"काय म्हणजे? तूच तर लिहिलंस," आई म्हणाली. तिनं डबीतून पत्रक काढलं. चष्मा लावून 'प्रकाश-स्रोत' या शब्दावर बोट ठेवलं. "प्रकाश-स्तोत्र. भोंगा वाजला की समस्त प्रकाश-स्तोत्र म्हणायचं, आवृत्ती करायची. आणि हे बघ, बाह्य दिशा. म्हणून बाहेरच्या खिडकीत लावले. सगळ्यांना मीच समजावून सांगितलं. म्हटलं, माझ्या मुलानं लिहिलंय, चूक कसं असेल?"

मी फुंकर मारमारून दिवे विझवले. तेवढ्यात वडील पाळीवरून आले. त्यांना फाटकावरच कळलं होतं, कुणाच्या घरापासून सुरू झालं ते. अंधारात पाटावर बसले आणि बराच वेळ बूट काढायचे विसरले. आई हळूच मला म्हणाली, "अरे, मग सरळ 'दिवे विझवा' असं काहून नाही लिहिलं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर बाईंच्या नावाचा मेमो तयार होता. युद्धकाळात मंजूर पत्रकाचं वाटप रोखलं आणि त्यामुळे एका वस्तीत दिवे चालू राहिले, असा आरोप. तो वर गेला असता तर बाईंची नोकरी राहिली नसती. साहेबांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला.

"तुम्ही तिथलेच. लिहून द्या, की तुमच्या वस्तीत पत्रक पोचलं नाही."

मी कागद घेऊन माझ्या जागेवर आलो. समोरच्या टेबलाशी बाई बसल्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. आवाज अजून परतला नव्हता, म्हणून त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून ती माझ्याकडे सरकवली. मला वाटलं, विनवणी असेल. चिठ्ठीत होतं, 'आईवर रागावू नका. दिवे किती होते?'

मी तासभर त्या कोऱ्या कागदापुढे बसलो. माझ्या सहीचा एक कागद बाईंना घरी बसवू शकत होता, आणि दुसरा सगळ्या खात्यात माझं हसं करू शकत होता. शेवटी मी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा एकही जोडशब्द न वापरता लिहिलं. 'पत्रक फक्त आमच्याच ओळीत वाटलं गेलं. ते मी वाटलं. दिवेही फक्त आमच्याच ओळीत लागले. पत्रक मी लिहिलं होतं. माझ्या आईला ते समजलं नाही.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "आईंना काय समजलं?"

मी सांगितलं. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. वळले तेव्हा चेहरा अगदी सरकारी होता, पण डोळ्यांत पाणी होतं. ते टोपी घालून बाहेर पडले आणि सरळ कडुनिंबाखाली गेले. तिथे स्टुलावर बसून त्यांनी फुलियाला ते पत्रक स्वतः वाचून दाखवलं. साहेबांसारखा माणूस आपल्या टपरीवर आलेला पाहून ती बिचारी घाबरून गेली होती. "बोलो, क्या समझीं?" असं त्यांनी विचारल्यावर तिनं अगदी मनापासून त्यांचं अभिनंदन केलं आणि मुलगी कुठे दिली म्हणून विचारलं.

मेमो साहेबांनी फाडला नाही. सरकारी कागद फाडणारे ते नव्हते. पण तो पुढे गेला नाही, आणि त्याच दुपारी छापखान्यात नवा मजकूर गेला. बाईंचाच, तीन ओळींचा.

बाई पुढे बरीच वर्षं नोकरीत होत्या. एकाहत्तरच्या लढाईतही त्यांची सायकल फिरत होती. निवृत्तीनंतर त्या घरीच एक वर्ग चालवायच्या, मोहल्ल्यातल्या बायकांना राशनकार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, कोर्टाची नोटीस वाचून तिचा अर्थ सांगायच्या. शेवटी झोपेतच गेल्या. अंत्ययात्रेला सिविल लाइन्सपासून पार पाटण गावापर्यंतची माणसं आली होती आणि त्यातल्या निम्म्यांना त्यांचं नाव माहीत नव्हतं. मला मात्र बाई आठवतात त्या दुसऱ्या तालमीच्या संध्याकाळच्या.

त्या दिवशी आम्ही तिघं मदनमहालच्या टेकडीवर चढलो होतो, साहेब, बाई आणि मी. वरून शहर कसं दिसतं ते पाहून साहेबांना अहवाल द्यायचा होता. नुकताच दिवस मावळला होता. खाली स्टेशन, बाजार, फॅक्टऱ्या, क्वार्टरांच्या ओळी, सगळं लुकलुकत होतं. मी आमची ओळ शोधत होतो.

भोंगा वाजला. आधी बाजार गेला. मग स्टेशनच्या बाजूचं सगळं. मग एकेक मोहल्ला, जणू कुणी पदरानं पुसून काढावं तसा. फॅक्टरीच्या बाजूला एक ओळ जरा रेंगाळली. तीही गेली. एवढं मोठं शहर होतं आणि समोर नुसता काळोख. कुठे कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"पंडितजी, काय दिसून राहिलं?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही, बाई."

"नीट पाहा. तुमचे डोळे तरणे आहेत."

"काहीच दिसत नाही."

त्या खडकावर बसल्या. गळ्यातली शिट्टी काढून मांडीवर ठेवली आणि हमसून हमसून रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं कळेना. साहेबच त्यांच्याशेजारी खडकावर बसले. थोड्या वेळानं बाईंनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बीस साल से चिल्ला रहे हैं, साहब. आज पहली बार दिखा कि सबने सुन लिया."

मग लक्षात आलं, की खाली उतरायची वाट दिसत नाही आणि टॉर्च लावायची सोय नाही. आम्ही तिघं तसेच खडकावर बसून राहिलो. बाईंच्या झोळीत भाजलेले चणे निघाले. काळोखात साहेबांनी हात पुढे केला आणि बाईंनी मूठभर चणे त्यावर ठेवले. साहेबांनी त्यांच्या गावची, कुठल्याशा आंब्याच्या बागेची गोष्ट सांगितली. ती गोष्ट ते ज्या गावरान बोलीत सांगत होते ती त्यांना येते हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

सुटकेचा भोंगा वाजला. शहर पुन्हा उजळायला लागलं. बाई उठल्या, साडी झटकली, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि शिट्टी पुन्हा गळ्यात घातली.

"चलो पंडितजी, उशीर झाला. उद्या पाटणला मलेरियाचं सांगायचं आहे. घरी जाऊन लिहून ठेवा काहीतरी. पण असं लिहा, की डासालासुद्धा समजलं पाहिजे."